भिंतीवरचा अर्धविराम

‘पंत, ह्या टिंबाच्या बुडाला शेपूट कशाला काढलंय?’

शिडीवरून रावसाहेबानं विचारलं. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात मी लिहून दिलेली चिठ्ठी, डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी आणि तोंडभर चुना. त्याच्या आईनंही त्याला ओळखलं नसतं. माझाही अवतार तसाच होता.

‘अर्धविराम आहे तो. हळू बोल.’

‘द्यायलाच पायजे?’

‘पाहिजे.’

‘उगंच रंग वाया जातुय. नुसतं टिंब देऊन मोकळं हुतो की.’

‘टिंब दिलं की वाक्य संपतं. इथं थांबायचंय, पण संपलेलं नाही. असं असलं की अर्धविराम.’

‘बरं बाबा,’ म्हणून त्यानं टिंब काढलं, त्याखाली स्वल्पविराम काढला आणि मान तिरकी करून तो नीट बसलाय की नाही ते बघितलं. मग पुढच्या अक्षराला हात घातला.

असल्या कामाला रात्र लागते असा एक गैरसमज आहे. आमच्या विद्यापीठात रात्री तीन पहारेकरी बॅटऱ्या घेऊन फिरत. दुपारी मात्र जेवणाची सुट्टी एक ते दोन असायची, म्हणजे साडेतीनपर्यंत कुणी जागेवर नसायचं. आम्ही अडीचची वेळ धरली होती. मुख्य फाटकाशेजारची भिंत, डोक्यावर ऊन, आणि शिडी धरायला खुद्द फाटकावरचे पहारेकरी दस्तगीरमामा. ‘विद्यापीठाचं काम आहे,’ एवढंच आम्ही त्यांना सांगितलं होतं. विद्यापीठाचं काम म्हटलं की तिथं पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. त्या कामाचा काही उपयोग असेल अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

वाक्य पुरं झालं. हातभर उंचीची निळी अक्षरं:

परीक्षेचा निकाल लागेना; विद्यापीठाचा मात्र लागला.

मामा शिडी सोडून रस्त्यापर्यंत मागं गेले आणि एकेक अक्षर लावत त्यांनी ते वाचलं.

‘लागला म्हणायचा निकाल एकदाचा,’ ते म्हणाले. ‘बरं झालं. पोरं कवाधरनं खोळंबली हुती.’

रावसाहेब शिडीवरून पडता पडता वाचला.

रावसाहेब हे त्याचं पाळण्यातलं नाव. आडनाव ढोणे. बाप तालुक्याच्या गावी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पोराला जन्मतःच साहेब करून टाकलं की पुढची मेहनत वाचेल, अशी त्याची समजूत असावी. हा राज्यशास्त्राच्या एम. ए.ला होता, मी मराठीच्या, आणि वसतिगृहात आमची खोली एक. मी मोरेश्वर आठल्ये. मेसच्या फळ्यावर ‘आमटि’ लिहिलं असेल तर आधी वेलांटी दुरुस्त करून मग मी जेवायला बसे. आमटी कशी आहे हा प्रश्न मला दुय्यम वाटे. म्हणून पोरं मला पंत म्हणत. कौतुकानं म्हणतात असं मला वाटायचं.

आमच्या पहिल्या वर्षाची परीक्षा होऊन नऊ महिने झाले होते आणि निकालाचा पत्ता नव्हता. दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. आपण पहिल्या वर्षी पास झालो की नाही हे ठाऊक नसताना आम्ही दुसऱ्या वर्षाचा अभ्यास करत होतो. निकालासाठी पोरांनी मोर्चा काढला तेव्हा कुलगुरूंनी ग्रंथालयाला कुलूप लावलं. कुलूप काढा म्हणून दुसरा मोर्चा निघाला तेव्हा त्यांनी जिमखान्यालाही लावलं. तेव्हापासून त्यांचं नाव कुलूपगुरू पडलं.

मग भिंती बोलायला लागल्या. ‘भिंतीवर लिहू नये’ या सूचनेखाली कुणीतरी लिहिलं, ‘मग कुठं लिहू? ग्रंथालय बंद आहे.’ जिन्यात ‘येथे थुंकू नये. हुकूमावरून’ अशी पाटी होती. तिच्याखाली खडूनं उत्तर आलं, ‘बरं, हुकूमावर थुंकतो.’ राजकीय पक्षांच्या घोषणांनी तर सगळं आवार रंगलं होतं. अमक्याला विजयी करा, तमक्याचा धिक्कार असो. त्याबद्दल मात्र कुलगुरूंची काही तक्रार नव्हती. त्या वाचून कुणी हसत नसे.

आमचं वाक्य वाचून हसला तो शिक्षणमंत्री.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या परीक्षा भवनाची पायाभरणी होती. परीक्षांचे निकाल लागत नव्हते, म्हणून परीक्षांसाठी इमारत बांधायची असं ठरलं होतं. मंत्र्यांची गाडी फाटकाशी आली, थांबली, काच खाली झाली. मंत्र्यांनी भिंत वाचली आणि ते इतक्या मोकळेपणानं हसले की पुढच्या गाडीतले पोलिसही हसले. शेजारी कुलगुरू बसले होते. ‘खरं आहे का हो हे?’ मंत्र्यांनी त्यांना विचारलं म्हणे. कुलगुरू काय म्हणाले ते कळलं नाही. पण पायाभरणीच्या नारळावर त्यांनी जो दगड हाणला, त्यात त्यांचं उत्तर होतं असं पाहणारे सांगत.

दुपारपर्यंत चौकशी समिती नेमली गेली. तिची सूचना मेसच्या फळ्यावर लागली. ‘विद्यापिठाच्या भिंतीवर विकृत लिखाण करणाऱ्या विद्यार्थ्याचा शोध घेऊन त्याचे नाव विद्यापिठातून कमी करण्यात येईल व वर्तणुकीच्या दाखल्यावर तसा शेरा मारण्यात येईल.’ खाली कुलसचिवांची सही. पीठ दोन्ही ठिकाणी ऱ्हस्व होतं. मी पेन काढलंही होतं, रावसाहेबानं माझा हात धरला.

‘पंत, आता ऱ्हाऊ दे. मरशील.’

विनोद तिथं संपला. वर्तणुकीच्या दाखल्यावरचा शेरा म्हणजे काय हे आम्हा दोघांना चांगलं ठाऊक होतं. रावसाहेब फौजदाराच्या परीक्षेत लेखी पास झाला होता, मैदानीत पास झाला होता, आणि आता फक्त दाखला पाठवायचा बाकी होता. त्याच्या आईनं गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मला एका नव्या कॉलेजानं जूनपासून व्याख्याता म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. तेही दाखल्यावरच अडलं होतं.

रंगाचा डबा वसतिगृहाच्या मागं सापडल्यामुळं संशय वसतिगृहातल्या एकशेचाळीस पोरांवर आला. दस्तगीरमामांनी समितीला सांगितलं की दोन रंगारी होते, कामाला चांगले होते, शिडी आपण धरली होती आणि निकाल लागलाय तर मग भांडण कशाचं. त्यांचा समितीला एवढाच उपयोग झाला.

समितीत दोघंच होते. एक कुलसचिव आणि दुसरे आमचे मराठीचे विभागप्रमुख खरशीकर सर. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी मला खोलीवर बोलावलं. टेबलावर भिंतीचा फोटो होता.

‘मोरेश्वर, भिंत पाहिलीस?’

‘येता-जाता पाहिली, सर.’

‘वाक्य चांगलं आहे.’

मी ‘थँक यू’ म्हणणार होतो, ते कसंबसं गिळलं.

‘अर्धविराम आहे त्यात,’ सर फोटोकडे बघत म्हणाले. ‘सत्तावीस वर्षं शिकवतोय. अर्धविराम बरोब्बर जागी देणारा विद्यार्थी मला आत्तापर्यंत एकच मिळाला.’

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

‘कुलसचिवांनी मला विचारलं, हे टिंबाखाली काय आहे. मला सांगावं लागलं. त्यावरून त्यांच्या डोक्यात एक कल्पना निघाली आहे. उद्या सकाळी सगळ्या वसतिगृहाला शुद्धलेखन घालायचं. जो अर्धविराम देईल तो गुन्हेगार.’

‘शुद्धलेखन? एम. ए.च्या मुलांना?’

‘कायद्याच्या आणि शास्त्राच्याही. मजकूर मी वाचायचा आहे.’ सरांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. ‘माझी अपेक्षा अशी आहे, की एकशेचाळीस मुलांपैकी अर्धविराम कोणीही देणार नाही. कोणीही. मग समिती लिहील की आरोपी सापडला नाही, आणि मी सुखानं घरी जाईन. कळलं ना मी काय म्हणतोय?’

‘कळलं, सर.’

‘तुझं अक्षर चांगलं आहे. समितीचा लेखनिक म्हणून मी तुझं नाव दिलंय. लेखनिकावर कोणी संशय घेत नाही.’

सरांचे उपकार मानावेत तेवढे थोडे होते. मी मानलेही. खोलीवर आलो तेव्हा रावसाहेब दाराच्या चौकटीला लोंबकळून व्यायाम करत होता.

‘काय म्हणत्यात खरशीकर?’

‘उद्या शुद्धलेखन घेणार आहेत. सगळ्यांचं.’

‘आन?’

‘आणि काय? लिहायचं.’

‘कशापायी पण?’

‘अर्धविराम कोण देतंय ते बघणार आहेत.’

तो हसत सुटला. हसता हसता चौकटीवरून खाली उतरला. ‘टिंबाच्या शेपटावरनं चोर धरणार? शाबास. ह्यास्नी फौजदार करा, मला न्हवं.’

मी त्याला एवढंच सांगितलं. सरांनी मला काय सुचवलं ते सांगितलं नाही. ‘तू देऊ नकोस’ असंही म्हणालो नाही. लपवायचं म्हणून नव्हे. मला गरजच वाटली नाही. ज्या माणसाला पूर्णविराम देताना दमायला होतं, तो अर्धविराम कुठून देणार? भिंतीवर त्यानं तो काढला होता, पण माझ्या चिठ्ठीवरचं चित्र म्हणून. पाटीवरच्या गणपतीसारखं. त्याला त्यातलं काही कळलं असेल ही शंकाही मला शिवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सभागृहात एकशेचाळीस दाढीवाले विद्यार्थी एकेक बाक सोडून शुद्धलेखनाला बसले. दोघांची लग्नं झालेली होती, एकाला मूल होतं. कुलसचिवांनी प्रास्ताविक केलं. मातृभाषेचं महत्त्व सांगितलं. नक्कल करणाऱ्यावर कारवाई होईल असं बजावलं. मागून कुणीतरी विचारलं, ‘सर, निकाल कधी लागणार याचा?’ सभागृह हसलं. कुलसचिवांनी त्याचं नाव लिहून घेतलं.

मग सर वाचायला लागले. मजकूर कुलसचिवांनी स्वतः तयार केला होता, आणि त्यात रचनेच्या दृष्टीनं एकच वाक्य महत्त्वाचं होतं. त्या वाक्यात किती सेकंद थांबायचं यावरून आदल्या दिवशी दोघांची म्हणे अर्धा तास चर्चा झाली होती.

‘गाडी वेळेवर आली...’

सर थांबले. सगळं सभागृह लिहायचं थांबलं.

‘...प्रवासी मात्र आले नाहीत.’

माझा हात आपोआप टिंबाकडे गेला होता. चौथीपासूनची सवय. मी पेन उचललं, पुन्हा टेकवलं आणि तिथं स्वल्पविराम दिला. तो तिथं चालत नाही. मग घाम पुसला.

रावसाहेब माझ्यापुढं तीन बाक सोडून बसला होता. कागद द्यायला उठला तेव्हा त्यानं मागं वळून माझ्याकडे बघितलं आणि डोळा मारला. त्याला सगळ्याची गंमत वाटतेय असं मी धरून चाललो.

दुपारी सरांच्या खोलीत आम्ही दोघं कागद तपासायला बसलो. सरांनी सत्तावीस वर्षांत जे बघितलं नसेल ते त्या दोन तासांत बघितलं. अठ्ठ्याण्णव जणांनी विद्यापीठ ऱ्हस्व लिहिलं होतं. एकानं प्रवाशांना ‘परवाशी’ केलं होतं. एका कायद्याच्या विद्यार्थ्यानं सरांचं खोकणंसुद्धा कंसात नोंदवलं होतं. सर प्रत्येक कागदाशी सुस्कारा टाकत, पण मनातून खूश दिसत होते. अर्धविराम कुठंच नव्हता. माझा कागद आला तेव्हा त्यांनी तो स्वल्पविराम बघितला, कागद उलटा ठेवला आणि पुढचा घेतला.

एकशे अकरावा कागद त्यांनी बराच वेळ हातात धरला.

‘ढोणे. तुझ्या खोलीतला ना?’

‘हो, सर.’

त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. मोठं, गोल, पाटीवरचं असावं तसं अक्षर. ‘गाडि वेळेवर आली; प्रवासि मात्र आले नाहित.’ तीन शब्द चुकलेले होते आणि अर्धविराम बरोब्बर होता. टिंब ठसठशीत, खालचं शेपूट डौलदार.

‘याला येतो अर्धविराम?’

मी कागद उचलून पुन्हा एकदा वाचला.

‘माहीत नाही, सर,’ मी म्हणालो.

सर उठले. कोट चढवला. ‘मी दहा मिनिटं चहाला जाऊन येतो. कुलसचिव चार वाजता गठ्ठा न्यायला येतील. मोजून बांधून ठेव.’ दारापाशी जाऊन थांबले. ‘सकाळी इतका गोंधळ होता, की एखाद्या मुलानं कागद दिलाच नसेल तरी कळायचं नाही. मी मोजलेले नाहीत.’

दार लागलं. खोलीत मी, गठ्ठा आणि तो कागद. घडी घालून खिशात ठेवायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी उठलो, दाराकडे बघितलं, परत बसलो. कुलसचिवांनी मोजले असले तर? लेखनिकानं कागद चोरला असं निघालं तर? चोरी आणि भिंत, दोन्ही गोष्टी एकदमच उघडकीला येतील. शिवाय रावसाहेबाला काय, तो बोलून चालून वेळ मारून नेईल, त्याच्याकडे हजरजबाबीपणा आहे, असंही मी मनाशी म्हटलं. मित्राच्या गुणांची मला एवढी आठवण त्याआधी कधी झाली नव्हती.

सर परत आले तेव्हा गठ्ठा बांधून तयार होता.

‘किती भरले?’

‘एकशेचाळीस.’

‘नीट मोजलेस?’

‘दोनदा, सर.’

‘तुझं मोजणंही शुद्ध आहे,’ सर म्हणाले आणि कोट काढून ठेवला. ते स्वतः तो कागद फाडू शकले असते हे माझ्या बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

रात्री खोलीवर मी त्याला काही सांगितलं नाही. चौकशीच्या बाबी गुप्त असतात.

सकाळी अकराला रावसाहेबाला समितीपुढं बोलावलं. टेबलामागं कुलसचिव आणि सर, कोपऱ्यात नोंदवही घेऊन मी. रावसाहेब आत आला, मला तिथं बसलेलं बघून क्षणभर गडबडला आणि मग किंचित हसला.

‘भिंतीवर तू लिहिलंस?’ कुलसचिवांनी थेट विचारलं.

रावसाहेबानं टेबलावरचा आपला कागद बघितला. शेजारी दुसरा कुठलाच कागद नव्हता. तो ते बघून घेतोय हे मला कळलं.

‘व्हय, सर. मीच.’

‘दुसरा कोण होता?’

‘शिडी धरायला मामाच हुते. त्यांस्नी काय ठाऊक न्हवतं.’

‘पहारेकरी म्हणतो दोन रंगारी होते.’

‘डबा धरायला बाजारातनं एक गडी आणला हुता. नाव काय विचारलं न्हाई.’

मी लिहीत होतो. ‘बाजारातून आणलेला गडी’ असं मी स्वतःबद्दल स्वच्छ अक्षरात लिहिलं.

सरांनी खाकरून घसा साफ केला. ‘ढोणे, या चिन्हाला काय म्हणतात?’

त्याला येणार नाही अशी सरांची खात्री असावी. तसं झालं असतं तर ‘वाक्य याचं नाही’ असं म्हणायला जागा होती. मीही लिहायचं थांबलो.

‘अर्धविराम, सर.’

‘तो कुठं देतात?’

‘जिथं थांबायचं असतं, पण संपलेलं नसतं, तिथं.’

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘हे तुला कोणी शिकवलं?’

‘आमचा पाट्यांचा धंदा हाय, सर. सगळं यावं लागतं.’

‘वाक्य तुला कोणी लिहून दिलं?’

‘माझंच हाय.’ तो थोडा थांबला. ‘चांगलंय न्हवं?’

कुलसचिवांनी टेबलावर हात आपटला. सर मात्र माझ्याकडे वळले. ‘मोरेश्वर, तुला काही सांगायचंय?’

रावसाहेब माझ्याकडे बघत नव्हता. तो समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. मला बोलता आलं असतं. दोन शब्द पुरे होते. ते माझ्या तोंडात तयारही होते.

‘लेखनिकाला बोलायचा अधिकार असतो का, सर?’ मी विचारलं.

‘नसतो,’ कुलसचिव म्हणाले. ‘पुढं लिहा. विद्यार्थ्याने गुन्हा कबूल केला.’

मी लिहिलं. एकही चूक केली नाही.

त्याचं नाव त्याच आठवड्यात कमी झालं. दाखल्यावर लाल शाईत शेरा पडला. फौजदारी संपली. भिंतीला चुना फासला गेला, पण निळा रंग चांगल्यापैकी होता, वाक्य दोन महिने चुन्यातून वाचता येत होतं. मंत्र्यांनी पुन्हा चौकशी केल्यामुळं अकरा दिवसांत निकालही लागला. राज्यशास्त्रात रावसाहेब ढोणे पहिल्या वर्गात होता. विद्यार्थी नसलेला विद्यार्थी म्हणून फलकावर त्याच्या नावापुढं फुली मारली होती. मी जूनमध्ये कॉलेजात रुजू झालो, पुढं पस्तीस वर्षं मराठी शिकवली, विभागप्रमुख झालो, आणि चार चौकशी समित्यांवर बसलो. चारही वेळा अध्यक्ष होतो. निःपक्षपाती म्हणून माझा लौकिक होता.

पण तो गेला त्या दुपारी मी एस. टी. स्टँडवर त्याला पोचवायला गेलो होतो. तेवढं मी केलं. त्याची ट्रंक एका बाजूनं धरली, रिक्षानं आलो, फलाटावर बाकावर बसलो. तो शेंगदाणे खात होता. मला खायला होत नव्हतं.

‘घरी काय सांगणार?’

‘सांगतो काय तरी. बा म्हातारा झालाय, पाट्यांला माणूस पायजेच हाय.’ तो हसला. ‘आता अर्धविरामाचे वेगळे पैसे लावतो.’

मला हसू आलं नाही. आठ दिवस एकच प्रश्न डोक्यात होता, तो मी शेवटी विचारला.

‘रावसाहेब, तू तो अर्धविराम दिलास कशाला? देणारा सापडणार हे मी तुला सांगितलं होतं.’

‘सांगितलंस म्हणूनच तर दिला.’

‘म्हणजे?’

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी बावळटासारखं विचारलंय.

‘अरं, तू देणार हे ठरल्यालंच हुतं की. मान कापली तरी तू अशुद्ध लिवणार न्हाईस. रातभर झोप न्हाई मला. म्हटलं, एकशेचाळीसात पंत एकटाच गावणार. त्येला ह्ये असलं झेपायचं न्हाई, समितीपुढं रडंल बिडंल. दोघांच्या कागदावर निघालं तर तेंचा घोळ हुईल, आन न्हाई झाला तर निदान सोबत तरी हाय. म्हणून तुझ्याकडं बघून डोळा मारला न्हवं का? भिऊ नगंस म्हणून.’

गाडीचा नंबर पुकारला. त्यानं शेंगदाण्याची पुडी खिशात टाकली, ट्रंक उचलली, पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं वळला.

‘आत गेल्यावर टेबलावर तुझा कागद दिसला न्हाई, तवा जीव भांड्यात पडला बघ. खरशीकरांनी दाबला असंल. भला माणूस. दोघांनी जाऊन तरी काय मिळालं असतं?’

कंडक्टरनं घंटी मारली. रावसाहेब खिडकीशी बसला आणि त्यानं हात बाहेर काढला. मी तो हातात घेतला.

‘सरांनीच दाबला ना रं?’

‘हो,’ मी म्हणालो. ‘सरांनीच.’